ट्रक मोठा आहे तर चालणाऱ्यानेच बघून चालावं म्हणे!

भटकभवानी
काल 'नवा ट्रक घेतोय, सल्ला द्या' या धाग्यावर एका महाशयांनी लिहिलंय की अमेरिकेत पादचारी मरतात ते फोनमध्ये डोकं घालून चालतात म्हणून, ट्रकच्या (म्हणजे इथल्या पिकअपच्या) उंचीचा काही संबंध नाही, आणि शेवटी आपलं कुटुंब सुरक्षित राहिलं पाहिजे. त्यावर टाळ्यांचा पाऊस. तिथेच उत्तर देणार होते पण तोवर गाडी टायरच्या ब्रँडवर गेली म्हणून वेगळा धागा काढतेय.

मला सांगा, स्मार्टफोन काय फक्त अमेरिकेत विकतात? युरोपात आणि जपानमध्ये लोक अजून डायल फिरवतात का? इथे अमेरिकेत २००९ मध्ये साधारण ४,१०० पादचारी गेले होते आणि २०२२ मध्ये साडेसात हजारांच्या वर, १९८१ नंतरचा सगळ्यात मोठा आकडा. बाकीच्या बऱ्याच श्रीमंत देशांत याच काळात, हेच फोन हातात असताना, आकडा खाली आला.

आणि उंचीचा संबंध कसा नाही? सेडानने धडक दिली तर ती पायाला लागते आणि माणूस बॉनेटवर पडतो, लागतं, हाडं मोडतात, पण बरेचदा वाचतो. चार फुटी सपाट ग्रिलने दिली की ती थेट छातीवर किंवा डोक्यावर, माणूस वर जात नाही, पुढे आडवा होतो आणि मग गाडी त्याच्यावरून. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या आयआयएचएसने जवळपास १८ हजार अपघात तपासून २०२३ मध्ये हेच सांगितलं: बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच असेल तर पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंच किंवा कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटपेक्षा ४५ टक्क्यांनी जास्त. हे लोक काही झाडाला मिठ्या मारणारे चळवळे नाहीत, हिशोब करणारे आहेत.

टेक्ससचा_तात्या
ते महाशय मीच. नाव घ्यायचं होतं की, लाजता कशाला.

आकडे छान आहेत पण अर्धेच सांगितलेत. पादचाऱ्यांचे चारपैकी तीन मृत्यू अंधारात होतात, ते का नाही लिहिलं? अंधारात, काळे कपडे घालून, सहा लेनच्या रस्त्यावर मध्येच कुठूनतरी ओलांडणारा माणूस. त्याला माझ्या ट्रकने मारला काय नि तुमच्या कोरोलाने मारला काय.

आणि कुटुंबाचं म्हणाल तर, मी कॅमरी चालवत होतो तेव्हा फ्रीवेवर एका सेमीने (मालवाहू ट्रेलरने) मागून ठोकलं, मुलगी मागच्या सीटवर होती. ती वाचली. त्यानंतर मी सेडानमध्ये बसलेलो नाही आणि बसणारही नाही, कुणी कितीही अभ्यास तोंडावर फेकू देत. शिवाय माझ्याकडे तळ्यावर न्यायची मोटरबोट आहे, ती काय कॅमरीने ओढू?

सिव्हिलवाला
दोघंही गाडीवर भांडताय, रस्त्याबद्दल कोणी बोलणार आहे का? बारा फुटी लेन, पाच लेन, ताशी ४५ मैलांची पाटी म्हणजे लोक ५५ ने जाणार, सिग्नल अर्ध्या मैलावर, आणि बसस्टॉप मध्येच. त्या बसस्टॉपवर उतरलेल्या माणसाने करायचं काय, अर्धा मैल जाऊन अर्धा मैल परत यायचं? तात्या, 'मध्येच कुठूनतरी' ओलांडतात ते यामुळे, हौस नसते कोणाला.

ताशी २३ मैलांनी धडक बसली तर मरण्याची शक्यता दहात एक, ३२ ला चारात एक, ४२ ला निम्मी. वेग कमी करा, गाडी कुठलीही असो. न्यू जर्सीतल्या होबोकन शहराने चौकाच्या कोपऱ्यांतलं पार्किंग काढलं म्हणजे ओलांडणारा दिसायला लागला, वेग ताशी २० मैलांवर आणला, आणि २०१७ पासून कित्येक वर्षं तिथे रस्त्यावर एकही मृत्यू नाही. तिथेही एसयूव्ही आहेत, भरपूर आहेत.

भटकभवानी
@सिव्हिलवाला रस्ते सुधारायला हवेत यावर वाद नाहीच, पण ते सुधारायला पन्नास वर्षं लागणार आणि ट्रक दरवर्षी नवा येतो. आणि २३ ला दहात एक हा सरसकट हिशोब आहे हो, सपाट नाकाच्या गाडीखाली आलेल्याला तोच लागू होतो का?

@तात्या सेमीने ठोकलं हे वाईटच झालं, मुलगी वाचली हे चांगलं झालं. पण तुम्हीच सांगताय की ती कॅमरीतच वाचली.

टेक्ससचा_तात्या
हे फारच झालं.

मिनीव्हॅनची_आई
मला समोरचं न दिसणं हा मुद्दा जास्त छळतो. आमच्या शाळेच्या ड्रॉप-ऑफ लाइनमध्ये एक भलामोठा ट्रक थांबलेला, माझा धाकटा बॅगेतून पडलेली बाटली उचलायला त्याच्या समोर वाकला आणि त्या बाईने ब्रेकवरून पाय काढला. मी किंचाळले म्हणून ती थांबली. खाली उतरून मलाच म्हणते, मुलाला सांभाळता येत नाही का. तिला तो दिसलाच नव्हता, खोटं बोलत नव्हती ती, आणि तेच भयंकर आहे.

मागे असंच २००२ मध्ये रिव्हर्स घेणाऱ्या एका बापाच्या एसयूव्हीखाली स्वतःचाच दोन वर्षांचा मुलगा गेला होता, त्यावरून इथल्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, कायदा झाला आणि मागचा कॅमेरा २०१८ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचा झाला. सोळा वर्षं लागली. आता पुढचं दिसेना झालंय, त्याला किती वर्षं?

टेक्ससचा_तात्या
ताई, मूल वाचलं, देवाची कृपा. पण नावात मिनीव्हॅन मिरवताय म्हणून सांगतो. याच आयआयएचएसचा २०२२ चा अभ्यास वाचा. चौकात पादचारी मेला असेल तर तो सरळ जाणाऱ्या गाडीऐवजी डावीकडे वळणाऱ्या गाडीखाली सापडण्याची शक्यता कारच्या तुलनेत पिकअपमध्ये जवळजवळ चौपट, हो आहे, पण व्हॅन आणि मिनीव्हॅनमध्येही जवळजवळ तिप्पट. एसयूव्हीपेक्षा जास्त! मग काय, मिनीव्हॅनवर पण धागा काढायचा?

मिनीव्हॅनची_आई
काढा की! ए-पिलर, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूचे खांब, जाडजूड केलेत सगळ्यांनीच, वळताना त्यामागे आख्खा माणूस लपतो, मी मान पुढेमागे करत वळते. मला काय मिनीव्हॅनचं कमिशन मिळतं?

आणि फक्त ट्रकवाल्यांना झोडपणाऱ्यांसाठी: होंडा सीआरव्ही. १९९७ च्या मॉडेलमधून ड्रायव्हरला पुढच्या दहा मीटरच्या टापूतला ६८ टक्के भाग दिसायचा, २०२२ च्या मॉडेलमधून २८. आपल्यापैकी निम्म्या घरांत हीच गाडी असेल आणि तिला कोणी 'मोठी' म्हणत नाही.

रातकिडा
सगळं ठीक आहे पण हेडलाइटवर कोणी बोलेल का??? रात्री समोरून पिकअप आला की मला रस्ता दिसत नाही, पांढरी रेघ दिसत नाही, काहीच दिसत नाही. मागून आला तर तिन्ही आरशांत सूर्य. मी डिपर मारतो तर तो खरा अप्पर लावून दाखवतो की आधीचा लो बीम होता. लो बीम!! तात्या म्हणतात अंधारात माणसं मरतात, अहो अंधारात नाही, तुमच्या उजेडात मरतात.

सिव्हिलवाला
@रातकिडा हा विषय माझा आवडता. नियमाप्रमाणे हेडलाइट जमिनीपासून २२ ते ५४ इंच कुठेही बसवता येतो. ५४ इंच म्हणजे साडेचार फूट. आम्ही रस्ता डिझाइन करताना कारमधल्या ड्रायव्हरचे डोळे साडेतीन फुटांवर धरतो. आता करा हिशोब, दिवा कायदेशीरपणे डोळ्यांच्या एक फूट वर.

रातकिडा
मग हा नियम करणारा माणूस रात्री गाडी चालवत नसणार.

निवांत
दिवे पांढरे असतात म्हणून त्रास होतो, पिवळे हॅलोजन बरे होते. मी तर पिवळा चष्मा वापरतो रात्री.

रातकिडा
ते पिवळे चष्मे वापरू नका, उलट कमी दिसतं. येणारा उजेडच कापतात ते, समोरच्या ट्रकचा आणि ओलांडणाऱ्या माणसावरचाही.

निवांत
मला फरक पडतो. तुमचा अनुभव तुमच्याकडे.

रातकिडा
अनुभव नाही, साधं गणित आहे. काच गडद केली तर जास्त कसं दिसेल?

टेक्ससचा_तात्या
दिव्यांसाठी ट्रकवाल्याला का धरता, कंपनीने लावलेत तसे आहेत. युरोपात समोरची गाडी ओळखून तेवढाच भाग मंद करणारे दिवे कधीचे आहेत, इथे २०२२ पर्यंत परवानगीच नव्हती. सरकारला विचारा.

रातकिडा
आणि ट्रक चार इंच लिफ्ट करून दिवे परत खाली न वळवणारे? तेही सरकार का? कंपनीने दिलेला कोन गेला कधीच, आता तो दिवा दुसऱ्या मजल्यावर पडतो. तुमचा ट्रक लिफ्ट केलेला आहे का तात्या, हो की नाही एवढंच सांगा.

टेक्ससचा_तात्या
दोन इंच लेव्हलिंग किट आहे. ते लिफ्ट नाही.

रातकिडा
😂😂😂

मिनीव्हॅनची_आई
लेव्हलिंग किट म्हणजे पुढची बाजू वर. म्हणजे बॉनेट अजून वर. बोट ओढायला याचा काय उपयोग होतो ते सांगाल का?

टेक्ससचा_तात्या
दिसायला चांगलं दिसतं. माझा ट्रक, माझे पैसे. इथे प्रत्येकाला सवाल-जवाब देत बसायला मी आरोपी नाही. तुम्हा लोकांना मुळात ट्रक नाही, ट्रकवाला खुपतो.

भटकभवानी
हेच! 'दिसायला चांगलं दिसतं'. हे वाक्य तुमच्या तोंडून यावं म्हणून मी कालपासून थांबले होते. कंपन्यांचंही तेच चाललंय. इंजिनला एवढी जागा लागते म्हणून बॉनेट एवढं उंच नसतं. इलेक्ट्रिक पिकअपमध्ये तर पुढे इंजिनच नाही, तिथे सामान ठेवायचा खण आहे, तरी नाक तितकंच उंच आणि तितकंच सपाट. तुमची बोट ओढायची ताकद त्या ग्रिलच्या उंचीतून येत नाही. ट्रक ठेवा, बोट ठेवा, दहा बोटी ठेवा. नाक खाली आणि उतरतं करा एवढंच मागणं आहे आणि ते कंपन्यांकडे आहे, तुमच्याकडे नाही. तुमच्याकडे फक्त 'संबंध नाही' हे म्हणणं थांबवा अशी विनंती आहे.

शून्यकाळ
कंपन्या करणार नाहीत कारण करायला लावणारं कोणी नाही. युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणारी संस्था युरो एनकॅप १९९७ पासून पादचाऱ्याच्या डोक्याचा आणि पायाचा डमी गाडीवर आपटून गुण देतंय. इथे बॉनेटवर डोकं आपटण्याच्या चाचणीचा नियम नुसता प्रस्ताव म्हणून यायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला. पंचतारांकित रेटिंग मिळतं ते आत बसलेल्यांसाठी, बाहेरच्याचा एक तारा नाही.

त्यात टॅक्स. ६,००० पौंडांच्या वरची गाडी धंद्यासाठी दाखवली की इथल्या करकायद्याच्या सेक्शन १७९ खाली पहिल्याच वर्षी मोठी वजावट. माझ्या ओळखीतल्या एका रिअल इस्टेट एजंटने फक्त त्यासाठी प्रचंड एसयूव्ही घेतली, मागच्या सीटवर 'फॉर सेल'च्या पाट्या. इंधनाच्या नियमांतही लाइट ट्रकला (यात पिकअप आणि बऱ्याच एसयूव्ही आल्या) सवलत, आणि जितकी लांब-रुंद गाडी तितकं टार्गेट सैल. मग छोटी गाडी बनवेल कोण? वर बऱ्याचशा परदेशी पिकअपवर १९६४ पासून २५ टक्के ड्युटी, म्हणजे तिकडचे छोटे पिकअप इथे आणणं परवडत नाही. गंमत म्हणजे ती ड्युटी लागली कोंबडीच्या भांडणातून, युरोपने अमेरिकन चिकनवर कर वाढवला म्हणून.

निवांत
कोंबडीमुळे ट्रक मोठे झाले? 😀

शून्यकाळ
निम्मं तरी खरं आहे.

टेक्ससचा_तात्या
म्हणजे उपाय काय, पॅरिससारखं करायचं? तिथे जड गाड्यांना पार्किंग तिप्पट केलं, मध्यवर्ती भागात तासाला १८ युरो. मतदानाला सहा टक्के लोकसुद्धा आले नव्हते. ही तुमची लोकशाही.

भटकभवानी
जे आले त्यातले साडेचौपन्न टक्के हो म्हणाले. बाकीचे बहुतेक पार्किंग शोधत फिरत असतील. वॉशिंग्टन डीसीत ६,००० पौंडांच्या वरच्या गाडीला रजिस्ट्रेशन वर्षाला ५०० डॉलर आहे, आकाश कोसळलेलं नाही.

सिव्हिलवाला
पैसे आकारून श्रीमंत माणूस थांबत नाही, भरून मोकळा होतो. थांबवतो तो अरुंद रस्ता. मी परत परत तेच सांगतोय आणि कोणी ऐकत नाही.

भटकभवानी
ऐकलं हो. रस्ता अरुंद करा आणि नाकही खाली आणा. दोन्ही मागितलं तर कोणी मारत नाही.

मिनीव्हॅनची_आई
शिवाय २०२९ च्या सप्टेंबरपासून नव्या गाड्यांना माणूस ओळखून, रात्रीसुद्धा, आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सक्तीची करणारा नियम झालाय. तो पुढे ढकलला नाही म्हणजे मिळवली. कंपन्या कोर्टात गेल्यातच.

टेक्ससचा_तात्या
बरं. उंचीचा 'संबंध नाही' हे वाक्य मागे घेतो, 'थोडा संबंध आहे' असं लिहा. खूश? आता नाक कापायला ट्रक कुठे नेऊ तेही सांगा. पुढचा कॅमेरा बसवतोय, पण तो तुमच्या सगळ्यांच्या सांगण्यावरून नाही, नातू आता चालायला लागलाय म्हणून. ट्रक विकणार नाही.

मिनीव्हॅनची_आई
कारण कुठलंही असो, बसवा. आणि लेव्हलिंग किट?

टेक्ससचा_तात्या
किटला हात लावायचा नाही.

रातकिडा
मग निदान दिवे तरी खाली करा. सपाट जागेवर भिंतीपासून २५ फुटांवर ट्रक उभा करा, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर टेपने मारा, लो बीमची वरची कड त्या टेपच्या खाली आली पाहिजे. किती खाली ते मॅन्युअलमध्ये असतं. एक स्क्रू फिरवायचा असतो, अर्ध्या तासाचं काम.

टेक्ससचा_तात्या
बोट लावून की बोट काढून?

रातकिडा
बोट लावली की मागचं टोक बसतं आणि दिवे अजून वर जातात. म्हणजे तुम्ही रात्री बोट घेऊन पण फिरता???