जावा २५ आली, नोट्स अजून जावा ८ च्याच. पोरांनी जावा शिकावी का, आणि कोणती?

मिहानवाली

सप्टेंबर २०२५ मध्ये जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची २५ नंबरची आवृत्ती आली. एलटीएस आहे, म्हणजे कंपन्या ज्या व्हर्जनवर वर्षानुवर्षं राहतात त्यातली. आणि इकडे नागपुरात सीताबर्डी-धरमपेठेतून पोरं ज्या ‘कोअर जावा’च्या नोट्स घेऊन येतात, त्या मी पाहिल्या तेवढ्या सगळ्या २०१४ च्या जावा ८ पाशी थांबलेल्या. काहींत तर ॲपलेटवर (वेब पेजात चालणारे छोटे जावा प्रोग्राम) अख्खं प्रकरण आहे. ॲपलेटवर जावा ९ मध्येच, २०१७ साली, डेप्रिकेटेडचा, म्हणजे ‘यापुढे वापरू नका’चा, शिक्का बसला. आज कुठल्याच चालू ब्राउझरात ते उघडत नाही.

मग पोरं ही जुनी, लांबलचक जावा बघतात, कंटाळतात आणि पायथनकडे वळतात. वळायला हरकत नाही, पण नाकारतात ती भाषा आज तशी राहिलेलीच नाही, एवढं तरी त्यांना कळायला हवं. माझं म्हणणं: जावा शिका, आणि निदान जावा २१ पासूनची शिका.

एकच उदाहरण देते. फीची पावती धरा: नाव, रक्कम, तारीख. जुन्या पद्धतीत तीन फील्ड, कन्स्ट्रक्टर, तीन गेटर, इक्वल्स आणि हॅशकोड (दोन वस्तू सारख्या का हे यांवरून ठरतं), टूस्ट्रिंग. आयडीईने (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरने) लिहून दिलं तरी चाळीस-पन्नास ओळी, आणि उद्या चौथं फील्ड घातलं की इक्वल्समध्ये ते घालायला कुणीतरी विसरणार. जावा १६ पासून हे सगळं ‘रेकॉर्ड’ म्हणून एका ओळीत होतं, आणि त्याची फील्ड्स नंतर बदलता येत नाहीत.

आता दुसरं, मला याहून मोठं वाटणारं. पैसे भरायचे तीन प्रकार आहेत: यूपीआय, कार्ड, रोख. जावा १७ च्या सील्ड इंटरफेसने सांगता येतं की प्रकार एवढेच. जावा २१ चा स्विच त्या तिन्हींवर चालवला आणि सहा महिन्यांनी कुणी ‘नेटबँकिंग’ हा चौथा प्रकार आणला, तर जिथे जिथे तो हाताळलेला नाही तिथे तिथे कंपायलर (कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्राम) बिल्ड थांबवतो. फक्त त्या स्विचमध्ये डिफॉल्ट (‘बाकी सगळ्यांसाठी हे’) लिहायचा नाही, नाहीतर ही सगळी राखण गेली. पूर्वी ही चूक रात्री प्रॉडक्शनवर, ग्राहक वापरत असताना, सापडायची.

हे सगळं शिकवायला अवघड नाही. मग शिकवत का नाहीत?

बर्डीचा मास्तर

ताई, शिकवत का नाहीत याचं उत्तर देतो, कारण शिकवणारा मीच आहे.

पोरगं माझ्याकडे येतं ते दोन गोष्टींसाठी: सेमिस्टरचा पेपर आणि कॅम्पस ड्राइव्ह. पेपरात प्रोग्राम हाताने लिहायचा असतो. तिथे जावा २५ प्रमाणे क्लास न लिहिता नुसतं ‘व्हॉइड मेन’ लिहिलं, तर तपासणारा मार्क कापतो. त्याचं काही चुकत नाही, त्याच्या हातातल्या उत्तरात ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ आहे. इंटरव्ह्यूत विचारतात हॅशमॅप आतून कसा चालतो, स्ट्रिंग इम्म्युटेबल का, ॲब्स्ट्रॅक्ट क्लास आणि इंटरफेसमध्ये फरक काय. व्हर्च्युअल थ्रेड (एकाच वेळी हजारो कामं चालू ठेवायची जावा २१ ची सोय) फ्रेशरला विचारल्याचं माझ्या एकाही मुलाने मला येऊन सांगितलेलं नाही.

आणि तुमच्या रेकॉर्डबद्दल. ज्याने इक्वल्स आणि हॅशकोड एकदाही हाताने लिहिलं नाही, त्याला हॅशसेटमध्ये (एक वस्तू एकदाच ठेवणाऱ्या संचात) तीच वस्तू दोनदा का बसली हे कळत नाही. पन्नास ओळी लिहिण्याचा कंटाळा येतो हे खरं, पण त्या पन्नास ओळींतच शिकणं आहे. आधी पाया, मग वरचे मजले.

अजगर

मी दोघांशीही असहमत. २०२६ मध्ये पहिली भाषा म्हणून जावा कशाला? डेटा, एआय, ऑटोमेशन, सगळं पायथनमध्ये आहे. पायथनमध्ये पहिल्या ओळीला पहिला निकाल मिळतो. जावाने ते मान्य करायला तीस वर्षं घेतली (पहिली आवृत्ती १९९६, साधा ‘मेन’ पक्का झाला २०२५ मध्ये). आणि पायथनही थांबलेली नाही. ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये जीआयएलशिवायची (जीआयएल म्हणजे एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं पायथनचं कुलूप) आवृत्ती अधिकृतपणे सपोर्टेड झाली. म्हणजे ‘पायथनचे थ्रेड खऱ्या अर्थाने समांतर चालत नाहीत’ हा जावावाल्यांचा जुना मुद्दाही संपत आला.

मिहानवाली

@अजगर, ती जीआयएलशिवायची आवृत्ती वेगळी बिल्ड आहे. नेहमीचं पायथन उतरवलं तर त्यात जीआयएल आहेच. आणि सी मध्ये लिहिलेल्या सगळ्या लायब्ऱ्या तिच्यासाठी तयार व्हायला वेळ लागेल. मुद्दा संपत आलाय हे मान्य, संपला म्हणू नका.

मॉडेल ट्रेन करायचं तर पायथनच, यात वाद नाही. पण बँक, विमा, तिकीट, पेमेंट यांच्या मागचा सर्व्हर मोठ्या प्रमाणावर जावावर आहे, आणि वर्धा रोडवर बसून आम्ही जे सांभाळतो ते हेच काम आहे. नागपूर न सोडता नोकरी हवी असेल तर हे डोळ्याआड करून कसं चालेल?

जुना_सर्व्हर

ताई, तेच काम मी पण करून राहिलो, म्हणून सांगतो. आमच्या क्लायंटचं ॲप जावा ८ वर आहे. व्हर्जन वाढवायचं म्हटलं की पहिला प्रश्न येते, ‘बंद पडलं का? नाही ना? मग काहून हात लावता?’

त्यांचंही चुकत नाही. ८ वरून ११ वर गेलं की जॅक्सबी (एक्सएमएल हाताळायची सोय) जेडीकेतून, म्हणजे जावाच्या मूळ संचातून, गायब, वेगळी लायब्ररी जोडा. १७ वर गेलं की जेडीकेच्या आतल्या क्लासेसला चोरून हात लावणाऱ्या जुन्या लायब्ऱ्या धडाधड पडतात. स्प्रिंग बूट ३ (सर्व्हर बनवायची तयार चौकट) घ्यायचं तर जावा १७ लागतेच, वरून ‘जावाएक्स’चे इम्पोर्ट बदलून ‘जकार्ता’ करा, हजारो फाइलींत. फीचर छान आहेत हो, पण नवीन पोट्टा जॉइन झाला की त्याला वाचावा लागते तो दहा वर्षांपूर्वीचा कोड. त्याला रेकॉर्ड येते आणि जुना बीन (गेटर-सेटरवाला क्लास) वाचता येत नाही, तर तो आमच्या काय कामाचा? मास्तरांना +१.

गोरेवाडा

मला एक कळत नाही, नव्या जावात सगळीकडे व्हर्च्युअल थ्रेडचं एवढं कौतुक चालतं ते कशासाठी? गो भाषेत गोरूटीन (तसेच हलके थ्रेड) पहिल्यापासून आहेत, गो १.० आली मार्च २०१२ मध्ये. जावाने तेच २०२३ मध्ये दिलं. रेकॉर्डचंही तसंच, कोटलिन भाषेचा डेटा क्लास २०१६ पासून आहे. जी भाषा दरवेळी दुसऱ्याचं बघून दहा वर्षांनी तेच आणते, ती नव्याने शिकण्यापेक्षा ज्यांनी आधी केलं त्यांच्याकडेच का जाऊ नये? गो महिन्याभरात हाताखाली येते. जनरिक्स (एकच कोड वेगवेगळ्या टाइपसाठी; तेही मार्च २०२२ च्या १.१८ मध्ये आले) सोडले तर भाषा जवळपास आहे तशीच आहे. शिकणाऱ्याला हेच हवं असतं.

मिहानवाली

@गोरेवाडा, आधी कुणी केलं हा मुद्दा खरा. पण जावाने ते ज्या पद्धतीने आणलं त्यालाच मी मोठं मानते, आणि इथे जरा सविस्तर लिहिते, कारण बऱ्याच जणांनी फक्त नाव ऐकलंय.

आपला नेहमीचा सर्व्हर घ्या. टॉमकॅटमध्ये (जावाचा वेब सर्व्हर) डिफॉल्ट २०० थ्रेड. प्रत्येक रिक्वेस्टला एक. रिक्वेस्ट दुसऱ्या सर्व्हिसच्या उत्तराची वाट पाहत दोन सेकंद बसली, तर तो थ्रेडही दोन सेकंद बसून. २०१ वी रिक्वेस्ट रांगेत. थ्रेड वाढवत न्यावेत तर प्रत्येक थ्रेड ऑपरेटिंग सिस्टिमचा असतो, त्याच्या स्टॅकसाठी साधारण एक एमबी राखून ठेवलेला असतो. म्हणून मधल्या काळात लोक रिॲक्टिव्ह कोडकडे गेले: थांबायचं नाही, कॉलबॅकची साखळी लावायची. चालायचं छान, पण एरर आली की स्टॅक ट्रेसवरून काही म्हणजे काही कळायचं नाही. मी त्यात रात्री घालवल्यात.

व्हर्च्युअल थ्रेडमध्ये कोड तोच राहतो, साधा, वरून खाली वाचता येणारा. थ्रेड वाट पाहायला लागला की जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) त्याला खालच्या खऱ्या थ्रेडवरून उतरवते, त्याचा स्टॅक हीपमध्ये (साध्या मेमरीत) ठेवते आणि त्या जागी दुसऱ्याला बसवते. खालचे खरे थ्रेड डिफॉल्ट कोअर असतील तेवढेच. स्प्रिंग बूट ३.२ पासून हे एका सेटिंगने चालू होतं. जुना ब्लॉकिंग कोड फारसा न बदलता हा फायदा मिळतो. गो मध्ये तो मिळवायचा तर सगळं गो मध्ये नव्याने लिहावं लागेल, आणि ते कोण लिहिणार? पैसे कोण देणार?

फुटाळा

एका सेटिंगने चालू होतं, बरोबर. आणि चालू केल्यावर काय होतं तेही सांगायला पाहिजे, नाहीतर पोरं इंटरव्ह्यूत ‘व्हर्च्युअल थ्रेड फास्ट असतात’ असं ठोकून येतील. फास्ट नसतात. हिशेब करायचं काम असेल, इमेज छोटी करणं किंवा एन्क्रिप्शन, तर कोअर तेवढेच, वेळ तेवढाच. फायदा फक्त वाट पाहण्याच्या कामात.

शिवाय डेटाबेसचं बघा. हिकारी (डेटाबेसची कनेक्शनं वाटून देणारी लायब्ररी) पूल डिफॉल्ट १० कनेक्शनचा. थ्रेड दहा हजार केले तरी डेटाबेसपाशी एका वेळी दहाच जाणार. आधी रांग टॉमकॅटच्या दारात होती, आता हिकारीच्या दारात आली, आणि तिथे कनेक्शन वेळेत मिळालं नाही की टाइमआउटचे एक्सेप्शन. पूर्वी ते २०० थ्रेड नकळत बांधासारखे पाणी अडवून धरत होते. तो बांध काढला तर मर्यादा तुम्हाला स्वतः घालावी लागते, सेमाफोर (एका वेळी ठरावीक जणांनाच आत सोडणारा) वगैरे लावून.

तिसरं. जावा २१ मध्ये सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या आत थांबलात तर व्हर्च्युअल थ्रेड खालच्या थ्रेडला चिकटून बसायचा, पिनिंग म्हणतात. जुन्या लायब्ऱ्यांत सिंक्रोनाइज्ड भरपूर. हे सुटलं मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये, म्हणजे एलटीएसवर राहणाऱ्यांना थेट २५ मध्ये मिळालं. तेव्हा मिहानवालींनी लिहिलेलं ‘निदान २१ पासूनची’ मी बदलून ‘२५ च’ म्हणेन, विशेषतः सर्व्हरसाठी.

मिहानवाली

@फुटाळा, सर्व्हरसाठी २५, मान्य. भाषा शिकायला मात्र २१ पुरते. पॅटर्न मॅचिंग (तो प्रकारांवर चालणारा स्विच), रेकॉर्ड, सील्ड सगळं त्यात आहे.

तिसरं_वर्ष_सीएसई

दादा-ताई, मी सगळं वाचून राहिलो, पण मला एक सांगा. आता एआय टूल कोड लिहून देते. मग ८ काय नि २५ काय, काय फरक पडते? आमच्या वर्गातली अर्धी पोरं तर हेच म्हणते. अन् मास्तर सर, पेपरात ‘व्हॉइड मेन’ लिहिलं तर खरंच मार्क जाते का?

बर्डीचा मास्तर

जातात बेटा. पेपरात पूर्ण लिहायचं.

टूलचं म्हणशील तर माझ्या वर्गातही तेच चाललंय. टूलने दिलेला प्रोग्राम पोरं दाखवतात. मी विचारतो की ही ओळ काढली तर काय होईल, तर गप्प. कोड लिहून मिळाला, पण तो बरोबर आहे हे कुणी ठरवायचं?

मिहानवाली

आणि टूल अनेकदा जुन्याच वळणाचा कोड देतं. हातात पन्नास ओळींचा बीन ठेवतं आणि पोरगं तो खपवून घेतं, कारण एका ओळीत होतं हे त्याला माहीतच नसतं. स्ट्रिंग टेम्प्लेटचंही (मजकुरात थेट व्हेरिएबल घालायची सोय) बघ: २१ आणि २२ मध्ये प्रीव्ह्यू, म्हणजे चाचणीपुरतं, होतं, २३ मध्ये काढून टाकलं. टूलने ते वापरून कोड दिला तर २५ वर कंपाइलच होणार नाही, आणि का होत नाही हे ज्याला कळतं त्याचंच काम पुढे सरकतं.

मास्तर, तुमच्या पायाच्या मुद्द्यावर मी विचार केला. इक्वल्स-हॅशकोड एकदा हाताने लिहायला लावा, शंभर टक्के मान्य. पण त्याच दिवशी, त्याच तासाला, तीच पावती रेकॉर्ड म्हणून लिहून दाखवा. पोरांना दोन्ही समोरासमोर दिसू द्या. जुना_सर्व्हर भाऊंना लागणारा बीनही वाचता येईल आणि नवाही लिहिता येईल. आणि ॲपलेटचं प्रकरण कृपा करून काढा. तेवढ्या तासांत सील्ड आणि स्विच आरामात बसतात.

बर्डीचा मास्तर

ॲपलेट पुढच्या बॅचपासून काढतो, ते अभ्यासक्रमाच्या भीतीने ठेवलं होतं. रेकॉर्ड त्याच तासाला, हेही करून बघतो. पण व्हर्च्युअल थ्रेड मी कोअर जावात घेणार नाही. ज्याला अजून साधा थ्रेड आणि लॉक समजला नाही त्याच्यापुढे फुटाळा साहेबांची हिकारीची रांग मांडली तर तो जावाच सोडून पळेल.

अजगर

तोवर पायथनवाल्याचं प्रोजेक्ट पूर्ण होऊन गिटहबवर गेलेलं असेल. माझं मत बदललेलं नाही. पहिली भाषा पायथन, जावा नोकरीत लागली तर तेव्हा.

तिसरं_वर्ष_सीएसई

मग मी २५ टाकू का लॅपटॉपवर? लॅबमध्ये ८ आहे. घरी केलेलं तिथं चालत नाही, असाइनमेंट लॅबमध्येच दाखवा लागते.

जुना_सर्व्हर

टाक बिनधास्त. ओपनजेडीकेची टेम्युरिन बिल्ड घे, फुकट आहे. कंपाइल करताना कंपायलरला ‘रिलीज ८’ असं सांग, म्हणजे ८ मध्ये नसलेलं काही वापरलं तर तो तिथंच अडवते. ८ आता जुनी झाली अशी सूचना दाखवेल, तिकडं लक्ष देऊ नको. जी क्लास फाइल निघेल ती लॅबच्या ८ वर चालते. स्वतःचा सराव करताना ते ‘रिलीज’ काढून टाक. जेशेल उघड, त्यात एकेक ओळ टाकून बघ, क्लास-बिस लिहायची गरज नाही. अन् पावतीचा रेकॉर्ड जमला की इथं टाक, आम्ही बघतो.