प्रयोगशाळेतून संशोधन-निधीच्या कारभाराकडे

दांडियाबाजारकर:
वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात माझी कन्या सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. पुढे संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थांच्या कारभारात जाण्याचा तिचा मानस आहे. या वाटेने कोणी गेले आहे काय?

सूरसागर:
अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कॉलवेल यांचे उदाहरण पाहावे. पटकीचे (कॉलऱ्याचे) जिवाणू पाण्यातील कोपेपॉड नावाच्या बारीक जीवांना चिकटून राहतात आणि प्रतिकूल काळात सुप्त होऊन प्रयोगशाळेतील नेहमीच्या संवर्धनात वाढत नाहीत, हे त्यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने मांडले. त्यातूनच बांगलादेशातील खेड्यांत जुन्या सुती साडीच्या घड्यांतून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला आणि पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. (आपल्या आज्या पाणी गाळूनच भरीत असत, मोजले मात्र कोणी नव्हते!) त्याच सुमारास, १९९८ ते २००४ या काळात, त्या संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या संचालक होत्या, त्या पदावरील पहिल्या महिला. विज्ञानातील स्त्रियांना पुढे आणणारा ‘अ‍ॅडव्हान्स’ हा कार्यक्रम २००१ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला.

मांडवीकर:
म्हणजे आधी भक्कम संशोधन, मग खुर्ची. हा क्रम मला योग्य वाटतो. आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने संशोधनाला निधी देणारे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन उभे राहिले आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागातही वैज्ञानिकांची पदे असतात.

दांडियाबाजारकर:
आभारी आहे. पीएच.डी.साठी पाण्यातील जिवाणूच घेईन, असे कन्येने आताच जाहीर केले.