‘सज्ञान ठरवले’ की ‘प्रौढ म्हणून खटला’?

खानापूरहून प्रश्न
आमच्या घरी कन्नड आणि मराठी, दोन्ही पेपर येतात. सतरा वर्षांच्या पोरावर खुनाचा गुन्हा असला की कन्नड बातमीत ‘वयस्क’ असतं. मराठीत कुणी ‘सज्ञान ठरवले’ लिहितं, तर कुणी कन्नडवरून घाईत उतरवताना ‘वयस्क’ तसंच ठेवतं. आपल्याकडे वयस्क म्हणजे साठीकडे झुकलेला माणूस. नेमकं काय लिहावं?

शहापूर, बेळगाव
‘सज्ञान ठरवले’ अजिबात नको. माणूस सज्ञान होतो तो अठरा पूर्ण झाल्यावर, कुठल्या आदेशाने नाही. २०१५ चा बालन्याय कायदा १५ जानेवारी २०१६ ला लागू झाला. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असेल, तर आधी बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं: गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक कुवत, परिणामांची समज, घडलं ती परिस्थिती. मग प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकतं, आणि प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, हे तिथे पुन्हा तपासलं जातं. दोषी ठरला तरी फाशी नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप नाही, आणि एकविसाव्या वर्षापर्यंत तुरुंगाऐवजी सुरक्षित स्थानी ठेवतात. त्यामुळे ‘प्रौढ म्हणून खटला’ हेच बरोबर. कोर्टाच्या आवारात एका आईने पेपरची घडी पुढे करून मला विचारलं होतं, “सज्ञान झाला म्हणत्यात, म्हणजे आता फाशी काय ओ?” एका शब्दाने त्या बाईची झोप उडाली होती.

निपाणी
ते पटलं. पण गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलासाठी कायद्यातला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा शब्द घशाखाली उतरत नाही. ज्यांचा मुलगा भोसकून मारला, त्यांनी हे वाचून काय समजायचं?

शहापूर, बेळगाव
दादा, त्यांचं दुःख खरं आहे, आणि तो शब्द जड आहे हेही खरं. सरकारी कागदावर तो राहू दे, बातमीत ‘अल्पवयीन आरोपी’ लिहा. ‘बालगुन्हेगार’ मात्र नको, दोष अजून सिद्ध झालेला नसतो. आणखी एक: मंडळापुढे चालते ती चौकशी, बाल न्यायालयात चालतो तो खटला. कन्नडमध्ये दोन्हीला ‘विचारणे’ चालून जातं, मराठीत ती सरमिसळ करू नये.

चंदगड
‘घोर’ऐवजी ‘निर्घृण’ लिहिलं तर?

शहापूर, बेळगाव
नको. निर्घृण म्हणजे कसा केला ते. कायद्यातलं घोर शिक्षेवरून ठरतं, किमान सात वर्षं. खून त्यात बसतो. सदोष मनुष्यवध बसत नाही, कारण त्याला किमान सात वर्षांची अट नाही. कमाल शिक्षा मोठी असली तरी किमान ठरलेली नसेल तर गुन्हा घोर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. आणि बातमी देणाऱ्यांनो, ‘अमुक गल्लीतील सतरा वर्षीय’ असं लिहूच नका. आपल्याकडे गल्ली सांगितली की घर सांगितल्यासारखंच, आणि बालन्याय कायद्याच्या कलम ७४ ने मुलाची ओळख पटेल असं काहीही छापायला मनाई आहे.