मदत हवी आहे : १ मेगावॅट सौर प्रकल्पाचा धोका कसा मोजावा?

औसा तालुक्यात भावकीची पाच एकर मुरमाड जमीन आहे, सबस्टेशन दोन किलोमीटरवर. कुसुम-अ (शेतकऱ्याने आपल्या जमिनीवर सौर वीज तयार करून वीज कंपनीला विकायची सरकारी योजना) मधून १ मेगावॅटचा प्रकल्प टाकायचाय. करार २५ वर्षांचा, दर युनिटला ३.०५ रुपये. खर्च ३.८ कोटी, त्यात ७० टक्के कर्ज, १० टक्के व्याजाने १५ वर्षं.

ठेकेदार वर्षाला १६ लाख युनिट सांगतो. मी १४ लाखच धरले. उत्पन्न ४२.७ लाख, हप्ते ३४, देखभाल ५. उरतात जेमतेम ३.७ लाख! पॅनेल जुनं होत जाईल तशी वीज घटते, ती घट अजून धरलेलीच नाही.

खरी धास्ती फीडरची, म्हणजे सबस्टेशनला जोडणाऱ्या लाईनची आहे. जूनच्या वादळात आमच्याकडचे खांब आडवे झाले, अकरा दिवस लाईन नव्हती. पॅनेलवर ऊन असूनही वीज देता आली नाही, तर करारात भरपाई मिळते का? आणि बिलाचे पैसे लांबले तर किती महिन्यांचे हप्ते हाताशी ठेवावेत? प्रकल्प चालवणाऱ्यांनी कृपया सांगावं.