'पेरिमेनोपॉज'ला मराठीत काय म्हणायचं?

माझ्या मावशीला (वय ४७) डॉक्टरांनी पाळी जायच्या वयात होणाऱ्या त्रासांची नोंद ठेवायला एक छापील तक्ता दिला. तक्ता मराठीतच होता. पहिला प्रश्न : 'उष्ण लहरी येतात का?' मावशीने 'नाही'वर खूण केली. दुसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, "मावशी, अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं का गं?" तर म्हणाली, "होतं की! काल पोळ्या लाटता लाटता लाटणं तसंच टाकलं आणि पंख्याखाली जाऊन बसले. मानेवरून नुसत्या घामाच्या धारा." म्हणजे त्रास होता, पण तक्त्यावर शून्य पडलं, केवळ शब्द पोचला नाही म्हणून. मला हे फार लागलं.

मुख्य शब्दाचंही तेच. रजोनिवृत्ती, ऋतुनिवृत्ती हे शब्द आहेत. पण पाळी जाण्याच्या आगेमागे जी काही वर्षं जातात त्यांना काय म्हणायचं? 'रजोनिवृत्तीपूर्व काळ' वाचनात येतो, तो मला अपुरा वाटतो. सलग १२ महिने पाळी आली नाही, की मगच आधीची पाळी शेवटची होती असं म्हणता येतं. 'पेरि' म्हणजे ग्रीकमध्ये 'भोवती', त्यामुळे हे १२ महिनेही त्या काळातच धरतात. 'पूर्व' म्हटलं की ते वर्ष बाहेर पडतं. दुसरा शब्द सुचतोय का कुणाला?

प्रतिसाद : 'ऋतुसंधी' कसा वाटतो? ऋतू म्हणजे पाळीही, आणि संधी म्हणजे सांधा.

प्रतिसाद : शब्द गोड आहे, पण आयुर्वेदात तो आधीच वापरात आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे ७ आणि नव्या ऋतूचे पहिले ७ दिवस म्हणजे ऋतुसंधी. वैद्याकडे गेलेल्या बाईचा गोंधळ होईल.

प्रतिसाद : मी बरीच वर्षं परिचारिका आहे. नवा शब्द घडवायच्या आधी बायका काय बोलतात ते ऐका. आमच्या साताऱ्याकडे म्हणतात, 'पाळी मागंपुढं व्हायला लागली.' पाळी जाण्याचे टप्पे ओळखण्यासाठी २०११ साली ठरलेल्या 'स्ट्रॉ+१०' निकषांत या काळाची पहिली खूण हीच आहे : लागोपाठच्या दोन चक्रांच्या लांबीत ७ किंवा जास्त दिवसांचा फरक, आणि तो पुन्हा पुन्हा पडणं. ६० दिवस किंवा त्याहून जास्त खंड पडायला लागला की पुढचा टप्पा. बायकांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी तारखेभोवती पेनाने गोल केलेला असतो. मी सांगते, तेच कॅलेंडर घेऊन या. वर्षभराची पानं चाळली की सगळं दिसतं.

एक सावधगिरी मात्र हवी. 'अंगावरून जातंय' म्हटलं की पांढरं की लाल, हे विचारायलाच हवं. दोन्हीला तेच म्हणतात.

मूळ प्रश्न विचारणारी : ताई, मनापासून आभार. 'पाळी मागेपुढे होण्याचा काळ'. लांब आहे, पण ऐकताक्षणी कळतो. मी हाच वापरणार. कागदोपत्री 'पेरिमेनोपॉज' राहिला तरी चालेल.

तीव्रतेच्या शब्दांबद्दलही लिहिते. ग्रीन क्लायमॅक्टेरिक स्केल म्हणजे या काळातले त्रास मोजायची प्रश्नावली. तिच्यात २१ त्रास असतात आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण : अजिबात नाही, थोडा, बराच, फार. आपल्या बायका 'थोडासा'च्या पुढे जातच नाहीत, दुखणं अंगावर काढायची सवय असते ना. मावशीनेही झोपेपुढे 'थोडा' लिहिलं होतं. "रात्री कितीदा उठतेस?" असं विचारल्यावर म्हणाली, "चारदा तरी." तेव्हा शब्दाशेजारी आकडाही लिहून घ्यावा.

प्रतिसाद : अगदी खरं. आणि एक शब्दप्रयोग कृपा करून सोडा : 'पाळी परत आली'. पाळी थांबून वर्ष उलटून गेल्यावर लाल दिसलं तर ती पाळी नव्हे, त्याला रक्तस्रावच म्हणा. पाळी म्हटलं की बाई चार दिवस थांबते, मग पुढच्या महिन्याची वाट बघते. हा रक्तस्राव लगेच डॉक्टरांना दाखवायचा असतो, कारण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग नाही ना, हे तपासावं लागतं.