मदत हवी आहे: नोतोमधल्या एनपीओला कंपनीचं अनुदान

नमस्कार मंडळी. टोकियोत एका कंपनीचं सीएसआर बघते. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपानंतर जपानच्या नोतो द्वीपकल्पात वृद्धांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थेला अनुदान द्यायचंय. संस्था १९९८ च्या कायद्याखाली नोंदलेली एनपीओ (ना-नफा संस्था) आहे, पण 'निन्तेई' म्हणजे सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र नाही. म्हणजे कंपनीला देणगीवरच्या करसवलतीची वाढीव मर्यादा मिळणार नाही. अकाउंट्सवाले तिथेच अडून बसलेत. मला मात्र संस्थेतल्या माणसांच्या पगाराची काळजी जास्त आहे. अर्जात सगळं साहित्य, प्रवास. माणसांचा खर्च शून्य! विचारलं तर संस्थेचे लोक नुसतं हसून विषय बदलतात.

मधे एखादं सार्वजनिक हिताचं फाउंडेशन घेऊन पैसे दिलेत का कुणी? आणि पगाराचा विषय तुम्हीच काढलात, की करारात आधीच टाकलात? मार्चअखेरच्या आत ठरवायचंय.