दोन विरजणं एकत्र केल्यापासून दह्याला तार येतेय, मदत हवी आहे

मृण्मयी_क: आईने दिलेलं विरजण कित्येक वर्षं चालत आलंय. मध्ये कमी पडलं म्हणून त्यात दुकानातलं योगर्ट घातलं आणि तेव्हापासून दही चमच्याबरोबर तार धरून येतं, आंबटपणाही गेला. आधीचं दही परत कसं मिळवू? लवकर सांगा, शनिवारी सत्यनारायण आहे.

खवय्या७: हिरव्या मिरचीची देठं घाला दुधात, झक्कास लागतं.

सुमाताई: अहो, दही लागत नाही असं ती कुठे म्हणतेय? मृण्मयी, राहतेस कुठे, किती गरम दुधात विरजतेस, वास कसा आहे?

मृण्मयी_क: टोरांटो. कोमट दूध, रात्रभर ओट्यावर. वास नेहमीचाच.

डेअरीवाली: थंड ओटा, इथेच मेख आहे. दोन विरजणं मिसळली की निम्मंनिम्मं दही होत नाही. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस फॉर्मिक आम्ल देतो, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस दुधातलं प्रथिन तोडून त्याला अमिनो आम्लं पुरवतो, असे एकमेकांवर पोसलेले जीवाणू नव्या घरात जोडीनेच येतात. मग कोण वरचढ होणार हे तापमानावर आणि किती तास ठेवता त्यावर ठरतं, आणि रोज त्यातलंच चमचाभर पुढे घेता म्हणजे रोज निवड होत जाते. योगर्टमधले काही स्ट्रेन, म्हणजे जीवाणूंचे पोटप्रकार, चिकट साखर सोडतात, तीच ही तार. गारठ्यात सावकाश लागलं की ती वाढते.

रानमेवा: पण बल्गेरिकसला 42-43 अंश लागतात ना? ओट्यावर तो टिकेल कसा?

डेअरीवाली: मागेच पडतो, म्हणून तर आंबटपणा गेला. ऊब वाढवा आणि जरा जास्त वेळ ठेवा, आम्ल वाढलं की तोच तग धरतो. पण मिसळलेलं परत वेगळं होणार नाही.

अनु_म: माझ्या मुलाला अँटिबायोटिक चालू आहे, दही देऊ का?

सुमाताई: ते डॉक्टरांना विचार गं. मृण्मयी, जुनं विरजण कुणाला दिलं होतंस का?

मृण्मयी_क: हो! मिसिसागाच्या मैत्रिणीला, मागच्या वर्षी.

रानमेवा: तिच्याकडेही आता तेच राहिलेलं नसणार, तिचं दूध वेगळं, घरातली ऊब वेगळी.

डेअरीवाली: खरंय, पण त्यात योगर्ट तर नाही शिरलेलं. तेच आणा, थोडं फ्रीझरमध्ये टाका, आणि भांडं ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा.

मृण्मयी_क: तिला आत्ताच फोन करते.